हायकूवर जुना टीव्ही गेम: आवाज का फाटतो आणि विंडो का ऐकत नाही

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणारे नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्या काकांचा अंबाजोगाईजवळ संगणकाचा क्लास होता. तो बंद झाला आणि जुनी ड्युअल कोर मशीनं तशीच पडून राहिली. नवं विंडोज त्यांना झेपेना, म्हणून त्यांवर हायकू ही खुल्या स्रोताची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि ती चांगली चालली. मग गावातल्या पोरांना खेळता यावं म्हणून त्यांनी लिनक्ससाठी लिहिलेला, खुल्या स्रोताचा एक लहानसा आठ बिटी निन्टेन्डो एम्युलेटर (जुन्या गेम संचाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) हायकूवर आणायला घेतला. कंपाइल झाला, चित्रही आलं. पण तीन गोष्टी अडल्यात. आवाज तडतडतो आणि दहा मिनिटं खेळल्यावर उडीचा आवाज उडी मारून झाल्यावर येतो. बटणं उशिरा लागतात आणि विंडो बंद करायला गेलं तर ती बंदच होत नाही. शिवाय काका म्हणतात, "आमच्या वेळी हा गेम एवढा पळत नव्हता." शेवटी त्यांनी विचारलंय की हे सोडून एसडीएल (अनेक प्रणालींवर चालणारी, गेमसाठीची तयार लायब्ररी) वापरू, की हायकूच्या स्वतःच्या एपीआयमध्ये (प्रणालीनेच दिलेल्या फंक्शनांत) सगळं नव्याने लिहू?

वाळूजच्या कारखान्यांतल्या मशीनच्या कंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय, आणि हायकूसाठी एम्युलेटर पोर्ट करणं, म्हणजे दुसऱ्या प्रणालीवरून इकडे आणणं, हे बऱ्याच वर्षांचं आवडीचं काम. दोन्हीकडे एकच प्रश्न सारखा समोर येतो: या प्रोग्रॅममध्ये वेळ कोण ठरवतो? तुमच्या तिन्ही तक्रारी मला याच एका प्रश्नाच्या वाटतात. कंपाइलच्या चुका दुरुस्त करून तुम्ही पोर्टचा सोपा भाग संपवलाय. मूळ प्रोग्रॅम लिनक्सवर एकाच लूपमध्ये चालायचा: बटणं वाच, एक फ्रेम (पडद्यावरच्या एका चित्रापुरता खेळ) चालव, चित्र काढ, आवाज ढकल, थोडं झोप, पुन्हा सुरुवात. तो लूप तुम्ही जसाच्या तसा हायकूत आणून ठेवलाय, आणि हायकूत वेळेची वाटणी अगदी वेगळ्या तऱ्हेने होते.

उत्तर कशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. पोरांना पुढच्या आठवड्यात खेळायला द्यायचं एवढाच हेतू असेल, तर हायकूडेपो (हायकूचं ॲपचं दुकान) उघडा, रेट्रोआर्क हा तयार एम्युलेटर आणि त्याचा निन्टेन्डोचा कोर (नक्कल करणारा भाग) बसवा आणि मोकळे व्हा. यात कमीपणा काहीच नाही. तुमचा एम्युलेटर तुम्हाला स्वतः समजून घ्यायचा असेल, तर पुढचं वाचा. मशीन ६४ बिटी चालवू शकतं का, आवाजाचा ड्रायव्हर नीट चालतो का आणि ग्राफिक्स कार्डाला हायकूचा स्वतःचा ड्रायव्हर आहे की नुसता व्हेसा (कुठल्याही कार्डावर चालणारा साधा ड्रायव्हर), यावरही बरंच ठरेल. त्या त्या ठिकाणी सांगेन.

हायकू असं का वागतं, हे कळलं की निम्मं काम होतं. हायकूचा पूर्वज बीओएस. बी इन्कॉर्पोरेटेड या कंपनीने तो बनवला तेव्हा ध्वनी आणि चित्र हाताळणारी, एकाहून जास्त प्रोसेसर सहज वापरणारी प्रणाली हवी, हाच त्यांचा ध्यास होता. १९९५ साली आलेल्या त्यांच्या बीबॉक्समध्ये दोन पॉवरपीसी प्रोसेसर होते. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने घेतली आणि त्याच वर्षी ओपनबीओएस हा खुला प्रकल्प सुरू झाला. २००४ पासून त्याचं नाव हायकू, आणि पाचवी बीटा आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली. या वारशामुळे हायकूत प्रत्येक विंडोला स्वतःचा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, असतो. तुम्ही मागा किंवा न मागा, बीविंडो (हायकूची विंडो) दाखवली की तिचा थ्रेड सुरू होतो. आवाजाची विनंती वेगळ्याच थ्रेडवरून येते. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकही थ्रेड तुम्ही बनवला नसला, तरी किमान तीन चालू असतात.

आता विंडोची तक्रार. माझा कयास असा की तुम्ही एम्युलेटरचा लूप विंडोच्या मेसेज रिसीव्ह्ड फंक्शनमधून किंवा ड्रॉमधून सुरू केलाय. तसं असेल तर विंडोचा थ्रेड त्या लूपमध्ये अडकून पडतो. बटण दाबल्याचा मेसेज, विंडो बंद करायचा मेसेज, सगळे तिच्या रांगेत उभे राहतात आणि ते उचलायला कुणी मोकळं नसतं. खात्री करायला प्रोसेसकंट्रोलर (चालू प्रोग्रॅम दाखवणारं हायकूचं साधन) उघडून तुमच्या प्रोग्रॅमचे थ्रेड बघा. विंडोच्या थ्रेडचं नाव इंग्रजी डब्ल्यू, त्यापुढे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह आणि मग विंडोचं शीर्षक असं असतं. तोच थ्रेड प्रोसेसर खात असेल तर निदान पक्कं.

उपाय म्हणजे एम्युलेशनला स्वतःचा थ्रेड द्यायचा. स्पॉन_थ्रेडने बनवा आणि प्राधान्य डिस्प्ले पातळीचं ठेवा. 'गेम आहे, मग रिअल टाइम देऊ' असा मोह होतो, तो टाळा. रिअल टाइम प्राधान्याचा थ्रेड एकदा रिकाम्या लूपमध्ये फिरायला लागला की जुन्या मशीनवर माउससुद्धा हलत नाही, आणि मग मशीन बंद करण्यावाचून पर्याय राहत नाही.

विंडोच्या थ्रेडकडे तीनच कामं ठेवा. आलेलं बटण नोंदवणं, तयार बिटमॅप (मेमरीतलं चित्र) पडद्यावर काढणं आणि बंद करायची विनंती आली की एक ध्वज, म्हणजे हो-नाहीची खूण, लावणं. एम्युलेशनचा थ्रेड प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला तो ध्वज बघेल आणि स्वतःहून बाहेर पडेल.

इथेच एक गाठ बसते, आणि ती नव्या पोर्टमध्ये मला वारंवार दिसते. विंडो बंद होताना विंडोचा थ्रेड एम्युलेशन संपण्याची वाट बघतो. त्याच क्षणी एम्युलेशनचा थ्रेड चित्र काढण्यासाठी विंडोचं कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला विंडोला हात लावू देणारं) मागत असतो. कुलूप विंडोच्या थ्रेडकडे आहे आणि तो वाट बघत बसलाय. दोघंही कायमचे थांबतात. म्हणून एम्युलेशनच्या थ्रेडमधून कुलूप मागताना मुदत घालूनच मागा, लॉकलूपरविथटाइमआउट वापरा. मुदत संपली तर ती फ्रेम न काढता पुढे जा. एका फ्रेमचं चित्र हुकलं तर कुणाला कळत नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन बिटमॅप ठेवा: एकात एम्युलेटर लिहितो, दुसरा विंडो दाखवते, आणि फ्रेम संपली की फक्त अदलाबदल. मग एम्युलेशनला विंडोचं कुलूप लागतच नाही, एक मेसेज टाकला की झालं.

बटणांसाठी मेसेजवर अवलंबून राहायची गरज नाही. गेट_की_इन्फो या फंक्शनने त्या क्षणी कोणकोणत्या की दाबलेल्या आहेत याचा पूर्ण नकाशा मिळतो, १६ बाइटमध्ये १२८ की. प्रत्येक फ्रेमला एकदा वाचा. मूळ गेमही कंट्रोलर असाच वाचायचा, फ्रेमला एकदा, त्यामुळे हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. एक पथ्य मात्र पाळा: तुमची विंडो पुढे नसेल तेव्हा हा नकाशा दुर्लक्षित करा, नाहीतर दुसरीकडे पत्र टाइप करताना इकडे गेममधला माणूस उड्या मारेल.

आता आवाज. इथे थोडा जास्त वेळ देतो, कारण एम्युलेटरचं पोर्ट बहुतेक वेळा इथेच फसतं.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा एकदम येतं, आणि घरात ते थोडं थोडं रोज लागतं, म्हणून टाकी. आवाजाचा बफर ही तशीच टाकी आहे. एम्युलेटर फ्रेमगणिक नमुन्यांचा (आवाजाच्या लाटेच्या आकड्यांचा) एक लोंढा आणून ओततो आणि ध्वनी कार्ड त्यातून एकसारखं काढत राहतं. टाकी रिकामी झाली की तडतड. आवकेपेक्षा वापर कमी पडला की टाकी भरत जाते, आणि आत्ता ओतलेलं पाणी नळातून बाहेर यायला उशीर लागतो. तुमचा उडीचा मागून येणारा आवाज तोच.

आकडे मांडून बघू. अमेरिकी-जपानी पद्धतीचा आठ बिटी निन्टेन्डो सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो असं आपण म्हणतो, पण खरा आकडा ६०.०९८८ आहे. ध्वनी कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने वाजवत असेल, तर एका फ्रेमला ७९८.६९ नमुने हवेत. बहुतेक जण ४८,००० ला ६० ने भागून ८०० धरतात. मग सेकंदाला ४८,०७९ नमुने तयार होतात आणि ४८,००० वाजतात. ७९ नमुने म्हणजे काहीच नाही असं वाटतं. दहा मिनिटांत मात्र ते ४७,४०० च्या वर जातात, म्हणजे जवळपास पूर्ण एक सेकंद. तुम्ही दिलेली लक्षणं या हिशेबाशी इतकी जुळतात की मी कोडमध्ये सगळ्यात आधी ८०० हा आकडा शोधेन.

मग तडतड आणि उशीर दोन्ही एकदम कसं, असं तुम्ही विचाराल. टाकी भरत जात असेल तर ती रिकामी कशी होते? बहुधा ती रिकामी होतच नाही. हायकूचा आवाज वाजवणारा बीसाउंडप्लेयर तुमचं कॉलबॅक फंक्शन (नमुने हवे झाले की तो स्वतः बोलावतो ते) मीडियाच्या उच्च प्राधान्याच्या थ्रेडवरून बोलावतो. समजा त्याने ५१२ स्टिरिओ नमुने मागितले, तर ते पुढच्या १०.७ मिलिसेकंदांचे आहेत आणि त्याच्या आत ते द्यावे लागतात. तुमच्या कॉलबॅकमध्ये म्यूटेक्स (थ्रेडमधलं कुलूप) असेल आणि तोच म्यूटेक्स एम्युलेशनचा थ्रेड सबंध फ्रेमभर धरून बसत असेल, तर मुदत हुकते आणि तड् असा आवाज येतो. टाकीत पाणी असूनही वेळेवर हात पोचत नाही. म्हणून त्या फंक्शनमध्ये कुलूप नको, मेमरी मागणं नको, फाइलला हात लावणं नको, प्रिंटएफसुद्धा नको. ठरावीक मापाचा, शेवटून पुन्हा सुरुवातीला येणारा एक रिंग बफर ठेवा, एकच थ्रेड लिहिणारा, एकच वाचणारा, वाचन-लेखनाच्या जागा ॲटॉमिक (म्हणजे अर्धवट बदललेल्या कधीच दिसणार नाहीत अशा). नमुने कमी असतील तर उरलेली जागा शून्यांऐवजी शेवटच्या नमुन्याने भरा, म्हणजे धक्का कमी बसतो.

यानंतर मुख्य निर्णय: वेग कोणी ठरवायचा? तीन दावेदार आहेत. पहिला सिस्टिमचं घड्याळ, दुसरा मॉनिटर, तिसरा ध्वनी कार्ड.

घड्याळ वापरायचं असेल तर नुसतं स्नूझ वापरू नका. 'काम करून १६,६३९ मायक्रोसेकंद झोप' असं लिहिलं की कामाचा वेळ आणि झोपेचा वेळ यांची बेरीज होते; काम पाच मिलिसेकंदांचं असेल तर वेग सेकंदाला ४६ फ्रेमवर येतो. ठरलेल्या वेळेपर्यंत झोपवणारं स्नूझ_अन्टिल वापरा आणि पुढच्या फ्रेमची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत भर घालून काढा, 'आत्ता'मध्ये भर घालून काढू नका. एवढं केलं तरी एक फट राहते. ध्वनी कार्डाचा स्फटिक आणि प्रोसेसरचं घड्याळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कार्डाचे ४८,००० कधीच अगदी ४८,००० नसतात. फरक बारीक असतो, पण तो साठतो.

मॉनिटरच्या तालावर चालणं इतर प्रणालींवर उत्तम. हायकूत बीस्क्रीनमध्ये वेटफॉररिट्रेस आहे, पण ते ड्रायव्हरने आधार दिला तरच चालतं. व्हेसावर त्याची आशा धरू नका. वेगवेगळ्या जुन्या मशीनवर चालवायचा प्रोग्रॅम मी त्याच्या भरवशावर लिहिणार नाही.

म्हणून हायकूवर मी वेग ध्वनी कार्डाच्या हाती देतो. पद्धत सोपी आहे. एक सेमाफोर (थ्रेडला थांबवणारा आणि सोडणारा सिग्नल) ठेवा. एम्युलेशनचा थ्रेड एक फ्रेम चालवतो, नमुने रिंग बफरमध्ये टाकतो आणि बफर ठरवलेल्या पातळीच्या वर गेला असेल तर सेमाफोरवर थांबतो. कॉलबॅकने नमुने उचलले की तो सेमाफोर सोडतो. सोडताना 'लगेच थ्रेड बदलू नको' हा पर्याय द्या, म्हणजे मीडियाचा थ्रेड मध्येच बाजूला पडणार नाही. पातळी तीन फ्रेमइतकी, साधारण ५० मिलिसेकंदांची, ठेवून सुरुवात करा आणि तडतड नसेल तर हळूहळू कमी करत जा. या रचनेत टाकी तुंबूच शकत नाही, कारण वापरल्याशिवाय नवं पाणी येत नाही. ८०० की ७९८.६९ हा वादही उशिराच्या बाबतीत मिटतो. फ्रेमचा वेग आपोआप कार्डाशी जुळतो. तरीही ७९८.६९ बरोबर करा, दशांश पुढच्या फ्रेमला ओढून न्या, नाहीतर गेमचा वेग किंचित चुकीचा राहील.

एक तोटा आहे. कार्ड नमुने गठ्ठ्याने उचलतं, त्यामुळे फ्रेमही किंचित गठ्ठ्याने चालतात आणि सरकणारं चित्र हलकंसं अडखळतं. त्यावर मी दोन्ही एकत्र वापरतो: फ्रेमची नेमकी वेळ स्नूझ_अन्टिलने, आणि बफरची पातळी वर-खाली सरकली तर नमुन्यांचा दर अर्ध्या टक्क्याच्या आत कमी-जास्त करून ती परत जागेवर आणायची. अर्धा टक्का बदल म्हणजे एका अर्धस्वराच्या दहाव्या भागाहूनही कमी, कानाला तो लागत नाही. रेट्रोआर्क याच तत्त्वावर चालतं. पण हे नंतर. आधी सेमाफोरवाली साधी रचना उभी करा. पोरांना तेवढीही पुरेल.

आणि सेमाफोरवर थांबतानाही मुदत घालाच, समजा १०० मिलिसेकंद. कुणी सेटिंगमधून मीडिया सेवा पुन्हा सुरू केली, किंवा त्या मशीनवर आवाजाचा ड्रायव्हरच चालत नसला, तर कॉलबॅक येणारच नाही आणि गेम गोठून जाईल. मुदत उलटली की घड्याळाच्या तालावर जा आणि गेम बिनआवाजी चालू द्या. क्लासमधल्या सगळ्या मशीनचं ध्वनी कार्ड एकसारखं असेल असं गृहीत धरू नका.

आता काकांची तक्रार, आणि मला या प्रश्नात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. काका बहुधा बरोबर सांगताहेत, आणि तुमचा एम्युलेटरही कदाचित बरोबर असेल.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे बाजारात मिळायचे ते टीव्ही गेम निन्टेन्डोचे अस्सल संच क्वचितच असायचे. त्याच्यासारखे बनवलेले नकली संच, त्यात खुपसायच्या 'कॅसेट', त्यावर हजारो गेमचे दावे. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. अशा देशांसाठी बनलेल्या नकली संचांत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिप सर्रास असत. १९९२ पासून रशियात विकला गेलेला डेंडी हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध संच, म्हणून एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये या पद्धतीला 'डेंडी' असंच नाव पडलंय.

त्याची रचना हुशारीची होती. जपानी गेम ६० फ्रेमच्या हिशेबाने लिहिलेले. अस्सल युरोपीय निन्टेन्डोत प्रोसेसरचा वेग १.६६२६ मेगाहर्ट्झवर आणलेला, जपानी संचात तो १.७८९८. शिवाय चित्राच्या चिपच्या घड्याळाच्या ३ ठोक्यांमागे प्रोसेसरचा १ हे जपानी गुणोत्तर युरोपात ३.२ झालं, त्यामुळे वेळेवर बारीक बेतलेले काही गेम तिथे बिघडायचे. डेंडी पद्धतीत गुणोत्तर ३ च ठेवलं आणि प्रोसेसर १.७७३४ मेगाहर्ट्झवर. फ्रेममध्ये २६२ ऐवजी ३१२ ओळी झाल्या. वाढलेल्या ५० ओळी चित्र संपल्यानंतर, पण गेमला 'फ्रेम संपली' असा इशारा देण्याआधी घातल्या. गेमला त्या इशाऱ्यानंतर मिळणारा अवधी जपानी संचाइतकाच राहिला आणि कॅसेट बिनतक्रार चालल्या.

परिणाम काय? गेम सेकंदाला ५०.००७ फ्रेमने चालला. ६०.०९८८ च्या तुलनेत तो सुमारे १७ टक्के संथ. उलट बाजूने, जपानी वेगाला लावलेला तुमचा एम्युलेटर काकांच्या आठवणीपेक्षा २० टक्के जलद पळणारच. संगीताची चालही तेवढीच संथ होती, पण सूर जवळपास तोच, कारण सूर प्रोसेसरच्या वेगावर ठरतो आणि तो एक टक्क्याहूनही कमी उतरला होता. युरोपीय संचात मात्र सूर सात टक्के खाली, अर्धस्वरापेक्षाही जास्त.

तेव्हा आधी तुमचा एम्युलेटर सेकंदाला किती फ्रेम चालवतो ते सिस्टिम_टाइमने मोजा. ६०.१ च्या आसपास आलं तर चूक नाही, नुसता प्रदेश वेगळा आहे. ६२ किंवा ६३ आलं तर झोपेचा हिशेब १६ मिलिसेकंदांवर पूर्णांकात तुटलाय. मोजून झालं की एम्युलेटरमध्ये डेंडी पर्याय घाला: फ्रेमला ३१२ ओळी, इशारा २९१व्या ओळीला, आणि ४८,००० च्या दराला फ्रेममागे ९५९.८७ नमुने. एम्युलेटरची आतली रचना नीट असेल तर हा बदल मूठभर ओळींचा आहे. मग काकांना खेळायला बसवा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५० ची चित्रं दाखवताना काही फ्रेम दोनदा दिसतात, त्यामुळे सरकती पार्श्वभूमी थोडी अडखळेल. तो दोष तुमच्या कोडचा नाही.

एसडीएल की स्वतःची एपीआय? हायकूसाठी एसडीएल२ चांगल्या स्थितीत आहे. त्याचा आवाजाचा भाग आतून बीसाउंडप्लेयरच वापरतो आणि गेमपॅडचा भाग बीजॉयस्टिक. विंडोच्या थ्रेडची वर सांगितलेली भानगड तो स्वतः सांभाळतो. तुमचा मूळ एम्युलेटर एसडीएलवर असता तर मी डोळे मिटून तेच सांगितलं असतं. तुमचा थेट एक्स विंडोवर (लिनक्सच्या विंडो प्रणालीवर) आहे, म्हणजे बाहेरचा थर तसाही नव्याने लिहायचाच आहे. तो लहान ठेवला तर स्वतःच्या एपीआयमध्ये लिहायला माझी पसंती, कारण या प्रणालीवर ध्वनी आणि थ्रेड कसे चालतात हे हातांनी कळतं. पण आधी एक शिवण घाला. प्रोसेसर, चित्र, ध्वनी आणि कॅसेटचं एम्युलेशन एका बाजूला. विंडो, ध्वनी कार्ड, कीबोर्ड, फाइल दुसऱ्या बाजूला. मधून फक्त चार गोष्टी जाव्यात: एक फ्रेम चालव, हे घे चित्र, हे घे नमुने, ही घे बटणांची स्थिती. लिब्रेट्रोचे (रेट्रोआर्क ज्या पद्धतीवर चालतं तिचे) कोर नेमके असेच बेतलेले असतात. उद्या तुमचा कोर रेट्रोआर्कखाली चालवावा असं वाटलं, तर वाट मोकळी राहते.

ही शिवण असली की कोर विंडोशिवाय तपासता येतो. नेसटेस्ट नावाची चाचणी फाइल मिळते. ती सोळा-आधारी सी००० या पत्त्यापासून चालवली की विंडो, चित्र काहीही न लागता प्रोसेसरची प्रत्येक पायरी छापता येते आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या बरोबर नोंदीशी ओळ न् ओळ ताडता येते. लिनक्सवर आणि हायकूवर दोन्हीकडे चालवून बघा. नोंदी सारख्या आल्या, तर यापुढचा प्रत्येक बिघाड बाहेरच्या थरात आहे एवढं निश्चित होतं, आणि शोधायची जागा निम्म्याहून कमी होते.

चित्राबद्दल थोडंच. हायकूत त्रिमितीय ग्राफिक्सचं काम सहसा प्रोसेसरच करतो, म्हणून ओपनजीएलच्या (त्रिमितीय चित्रांच्या एपीआयच्या) भानगडीत पडू नका. २५६ बाय २४० चं चित्र ३२ बिटी बीबिटमॅपमध्ये लिहा आणि पूर्णांक पटीत मोठं करा. ओळीची लांबी स्वतः गृहीत न धरता बिटमॅपलाच विचारा. पूर्ण पडद्यावर १९२० बाय १०८० भरायला गेलात तर फ्रेममागे ८ मेगाबाइटच्या वर माल हलतो, आणि जुनी मशीनं तिथे धापा टाकतात. ड्रायव्हर मोड बदलू देत असेल तर पडदा ८०० बाय ६०० वर आणा.

कंपाइलचं तुमचं झालंय, तरी मागून येणाऱ्यांसाठी दोन खुणा. जुन्या एम्युलेटरमध्ये इंट३२, यूइंट८ अशी नावं स्वतः ठरवलेली असतात आणि तीच नावं हायकूच्या हेडरमध्येही आहेत. ३२ बिटी हायकूत इंट३२ हा लाँग आहे, म्हणून तिथे भांडण हमखास. कोरच्या फाइलींत हायकूचं एकही हेडर येऊ देऊ नका, भांडणच उरत नाही. वरच्या शिवणीचा हाही फायदा. दुसरं, ३२ बिटी हायकूत जुन्या बीओएसच्या प्रोग्रॅमसाठी डीफॉल्ट कंपाइलर जीसीसी २.९५ आहे, १९९९ सालचा. नवा सी++ त्याला कळत नाही. सेटआर्क या आज्ञेने एक्स८६ निवडून नव्या कंपाइलरवर जा. तुमची मशीनं ६४ बिटी असतील तर सरळ ६४ बिटी हायकू टाका, हा प्रश्नच येणार नाही. गणिताची आणि थ्रेडची फंक्शनं हायकूत लिबरूट या लायब्ररीतच असतात, नेटवर्कची लिबनेटवर्कमध्ये. मेकफाइल त्याप्रमाणे बदला.

सेव्ह फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवू नका. पॅकेजमधून बसवलेला प्रोग्रॅम जिथे दिसतो ती जागा फक्त वाचण्यापुरती असते. फाइंड_डिरेक्टरीने वापरकर्त्याची सेटिंगची जागा विचारून घ्या. आणि आपल्याकडची लाईट कधीही जाते, हे लक्षात घेऊन लिहा. बॅटरीवाल्या कॅसेटची सेव्ह बहुधा ८ किलोबाइटची असते. ती बदलली की दोन-तीन सेकंदांत तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, डिस्कवर पोचवा आणि मग नाव बदलून जुनीवर ठेवा. विंडो बंद करतानाच सेव्ह करणारा एम्युलेटर यूपीएस नसलेल्या मशीनवर पोरांना रडवतो.

गेमच्या फाइलींबद्दल एक स्पष्ट बोलतो. जुने व्यावसायिक गेम आजही कॉपीराइटखाली आहेत. क्लासच्या मशीनवर त्यांच्या प्रती वाटू नका. आज हौशी लोक याच संचासाठी नवे गेम लिहितात आणि त्यांतले पुष्कळ मोफत, वाटण्याच्या परवानगीसह मिळतात. पोरांसाठी ते भरा. काकांची जुनी कॅसेट माळ्यावर असेलच, तर ती जपून ठेवा.

तुमचा पोर्ट स्थिर झाला की हायकूपोर्टर्स या हायकूची पॅकेजं बनवणाऱ्या गटासाठी रेसिपी (पॅकेज बांधायच्या सूचना) लिहा. पण त्याआधी बदल मूळ लेखकाकडे पाठवा. त्यांनी स्वीकारले तर पुढच्या आवृत्तीला पॅच पुन्हा पुन्हा लावत बसावं लागत नाही. आणि पुन्हा लिहाल तेव्हा तीन आकडे द्या: सेकंदाला प्रत्यक्ष किती फ्रेम चालल्या, रिंग बफरची पातळी पहिल्या आणि दहाव्या मिनिटाला किती होती, आणि एक फ्रेम चालवायला सरासरी व सर्वांत जास्त किती मायक्रोसेकंद लागले. मशीनचं ध्वनी कार्ड कोणतं तेही कळवा. एवढ्यावर पुढचं नेमकं सांगता येईल.